ब्रेंडाबाईंची सही

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या वाचनालयाच्या चिटणिसांनी परवा मला रस्त्यात गाठलं. "अण्णा, तुमचं ते इंग्लंडचं व्याख्यान लिहून द्या की. स्मरणिकेत छापतो. लोकं अजून आठवण काढत्यात."

लोक आठवण काढतात हे खरं आहे. काही वर्षांपूर्वी इंग्लंडहून परत आल्यावर वाचनालयात माझं व्याख्यान झालं होतं. खुर्च्या कमी पडल्या म्हणून शेजारच्या तालमीतून सतरंज्या आणाव्या लागल्या. मला फेटा बांधला, हार घातला आणि मी असा काही बोललो की मागं उभी असलेली तालमीची पोरंसुद्धा गप्प झाली. घरी आल्यावर आमच्या मंडळी म्हणाल्या, "छान बोललात. कुठल्या गावाबद्दल बोलत होता?"

तर मी लिहायला बसलो. "इंग्लंडमध्ये मी एका उत्तम हॉटेलात उतरलो होतो," हे व्याख्यानातलं पहिलं वाक्य कागदावर उतरवलं आणि पेन थांबलं. मी कुठल्याही हॉटेलात उतरलो नव्हतो. पुढं मी सांगितलं होतं की आमची मुलगी ज्योती तिथल्या परीक्षेत पहिली आली. परीक्षा नव्हतीच. आणि शेवटी, टाळ्यांच्या भरात, मी म्हणालो होतो की इंग्रज आळशी झालेत म्हणून त्यांची कामं आपल्याकडं आली. ह्या वाक्याला सगळ्यांत मोठ्या टाळ्या पडल्या, आणि आजही ते आठवलं की मी कूस बदलतो. तेव्हा चिटणीससाहेब, ते व्याख्यान छापू नका. हे छापा.

शिवाजी पेठ

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची ही गोष्ट. ज्योती बी.कॉम. होऊन पुण्यात एका कॉल सेंटरला लागली होती. म्हणजे काय, हे पेठेत मला फार जणांना समजावून सांगावं लागलं. इंग्लंडात एखाद्याच्या घरातला गरम पाण्याचा बॉयलर बंद पडला की तो कंपनीला फोन करतो. तो फोन आता पुण्यात वाजणार, आणि आमची ज्योती 'जेनी' ह्या नावानं तो उचलणार.

"आन् बॉयलर दुरुस्त कोण करणार? ज्योती?" हा प्रश्न हातकणंगल्याच्या माझ्या मेव्हण्यानं, बाळूनं विचारला.

"मिस्त्री तिकडचाच जाणार. ज्योती फक्त फोन घेणार."

"मग फोन पुण्याला कशाला आणायचा? उलटा कान धरल्यासारखं."

"स्वस्तात पडतं."

"आस्सं म्हणा की." बाळूला व्यवहारातलं लगेच कळतं.

मला ह्यातलं थोडं जास्त कळायला हवं होतं. मी टेलिफोन खात्यात ट्रंक ऑपरेटर होतो. मुंबईला फोन लावायचा तर तो माझ्या हातातून जायचा, आणि तासभर ताटकळलेल्या माणसाच्या शिव्याही माझ्याच कानातून जायच्या. पुढं एसटीडी आलं, माणसं स्वतःच नंबर फिरवायला लागली, आणि माझा बोर्ड बंद झाला. खात्यानं मला जुन्या फायलींच्या खोलीत एक खुर्ची दिली. निवृत्तीपर्यंत मी त्या खुर्चीत बसून धूळ झटकली, पण पगार दर महिन्याला मिळाला. काम गेलं की पगारही जातो, ही गोष्ट मला त्यामुळं नीट ठाऊकच नव्हती.

ज्योतीच्या कंपनीनं ठरवलं की पुण्यातल्या काही मुलींनी इंग्लंडला जाऊन, आत्ता तिथं काम करणाऱ्यांच्या शेजारी बसून, काम शिकायचं. शिकून झालं की मुली परत येणार आणि काम त्यांच्या मागोमाग येणार. शेजारी बसलेल्यांचं पुढं काय, हे आम्ही कोणी विचारलं नाही. आमच्या घरात त्या आठवड्यात एकच विषय होता.

"पोरगी एकटी साता समुद्रापलीकडं न्हाय जाणार," आमच्या मंडळींनी जाहीर केलं.

"आई, बरोबर चार मुली आहेत."

"त्यास्नी बी एकटं न्हाय पाठवायला पायजे."

कंपनीचा नियम असा होता की घरच्यांना आणायचं नाही. त्यावर आमच्या घरात असा तोडगा निघाला की मी त्याच सुमारास स्वतःच्या खर्चानं इंग्लंड बघायला जायचं, वेगळं राहायचं, आणि रस्त्यात ज्योती भेटली तर ओळख दाखवायची नाही. पुण्याच्या ऑफिसात तिकडच्या स्वस्त खोल्यांची यादी होती. त्यातली एक ज्योतीनं फोनवरून माझ्यासाठी ठरवली. जाताना बाळूनं स्टँडवर माझ्या कानात सांगितलं, "दाजी, दीडशे वर्सांचं उट्टं काढून या." वाचनालयात मी जे शेवटचं वाक्य बोललो, त्याचं मूळ ह्या स्टँडवर आहे.

टेकडीवरलं घर

उत्तर इंग्लंडमधलं ते गाव. नाव मुद्दाम देत नाही. लाल विटांची घरं एकमेकांना खांदा लावून उभी, तालमीत जोर काढायला रांग लावावी तशी. घराघराच्या मधे भिंत एकच. म्हणजे शेजाऱ्यानं खोकलं तर आपण औषध घ्यावं. टेकडीवर पूर्वी कोळशाची खाण होती. ती बंद पडल्यावर वर गवत लावलं आणि त्या गवतावर काचेचं एक मोठं ऑफिस बांधलं. तेच हे फोनचं ऑफिस. खाण गेली तेव्हा गावातले पुरुष घरी बसले आणि ऑफिस आलं तेव्हा बायका कामाला लागल्या, असं मला बसमधल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. त्यानं मला 'लव्ह' म्हणून हाक मारली.

ह्या शब्दानं मी पहिले दोन दिवस फार घाबरलो होतो. बसचा ड्रायव्हर लव्ह म्हणाला, पाववाली लव्ह म्हणाली, पोस्टातली सत्तरीची बाई लव्ह म्हणाली. घरी फोनवर मी हे बोललो नाही. मग लक्षात आलं की आपण जसं कुणाही अनोळखी माणसाला 'पावणं' म्हणतो, तसं हे आहे. त्या भागातलं इंग्रजीही आपल्या बोलण्यासारखंच मोठ्यांदा आणि तोंडावर. त्यामुळं ब्रेंडाबाईंचं बोलणं मी इथं आपल्या मराठीतच देणार आहे. पुस्तकी मराठीत ते बसत नाही.

ब्रेंडाबाई म्हणजे माझ्या घरमालकीण. पन्नाशीच्या, उंच, केस आखूड. नवरा सोडून गेलेला, मुलगा दुसऱ्या शहरात. दारातच त्यांनी माझ्याकडं वरून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "या पावणं. पायपुसण्यावर पाय पुसा. चहा टाकलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेलो. आता कोल्हापूरच्या माणसानं ही गोष्ट नीट वाचावी. त्या न्हाणीघरात मोरी नव्हती. जमिनीवर गालिचा होता. गालिचा! एक लांबट टब होता, पण त्यात झोपून अंघोळ करायची म्हणजे आपल्याच मळात लोळायचं. मी घरून तांब्या नेला होता. टबाच्या काठावर बसलो, कचऱ्याची प्लास्टिकची बादली धुऊन घेतली आणि गालिच्यावर पाय ठेवून, स्तोत्र म्हणत, यथासांग अंघोळ केली. शेवटच्या तांब्याला खालून किंकाळी आली.

खाली स्वयंपाकघरात ब्रेंडाबाई इस्त्री करत होत्या, आणि छतातून त्यांच्या डोक्यावर धार लागली होती. इस्त्रीचे कपडे त्यांचे नव्हते. ऑफिसला जायच्या आधी त्या गल्लीतल्या लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायच्या. सातआठ पांढरे शर्ट माझ्या अंघोळीच्या पाण्यानं भिजले होते.

मी टॉवेल गुंडाळून जिन्यात उभा.

"पावणं," त्या वर बघत म्हणाल्या, "तुमच्या देशात घराला छत असतंय का न्हाय?"

त्यांनी सगळे शर्ट परत धुतले, परत इस्त्री केले, आणि मग कामाला गेल्या. व्याख्यानात मी 'आळशी' म्हणालो ती बाई ही.

त्याच संध्याकाळी ज्योती मला बसथांब्यावर भेटली. इकडं-तिकडं बघून, मान दुसरीकडं करून बोलली. "अण्णा, घोटाळा झालाय. मला जिच्या शेजारी बसवलंय ना, ती बाई तुमची घरमालकीण आहे."

"मग बरं झालं की. ओळख निघाली."

"ओळख कसली! मी शिकले की तिची नोकरी जाणार आहे. तिला कळलं की तुम्ही माझे वडील, तर तुमची बॅग रस्त्यावर येईल."

फायलींच्या खोलीतली ती खुर्ची मला आठवली. इथं तशी खोली नाही का, असं मी ज्योतीला विचारलं. ती म्हणाली, "नाही. सामान भरायला पुठ्ठ्याचं खोकं देतात."

चहाचं टेबल

पुढचे काही आठवडे मी आयुष्यात केला नाही असा धंदा केला. रोज संध्याकाळी ब्रेंडाबाई ऑफिसातून येऊन बूट भिरकावत आणि चहाच्या टेबलाशी बसून मला, एका निरुपद्रवी प्रवाशाला, 'त्या इंडियाच्या पोरी'बद्दल सांगत.

"सॉरी लई म्हणती हो. गिऱ्हाईक शिंकलं तरी सॉरी. गिऱ्हाइकाला वाटतंय हिनंच कायतरी मोडलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या फाटकाशी मी ज्योतीला डबा द्यायला जायचो. घरून ज्वारीचं पीठ आणि कांदा-लसूण मसाला नेला होता, त्यामुळं ब्रेंडाबाई अंघोळीला गेल्या की मी दोन भाकऱ्या थापून घ्यायचो. डब्याबरोबर निरोप: "सॉरी कमी म्हण."

संध्याकाळी ब्रेंडाबाई: "आज सॉरी म्हणाली न्हाय फारशी. माझ्या मनातलं वळखती का काय!"

"हुशार दिसते," मी म्हणायचो.

"भरभर बोलती पण. इंजिनावानी."

सकाळी डबा आणि निरोप: "सावकाश बोल."

असं मी दोन्हीकडून चालवत होतो. ट्रंक ऑपरेटरच मी, दोन टोकं जोडून मधे कान लावून बसायची सवय जुनीच. ज्योती सुधारत होती आणि ब्रेंडाबाई चकित होत होत्या. पण ज्योती खूश नव्हती. एकदा डबा घेताना म्हणाली, "अण्णा, मला तिची खुर्ची पाहिजे. पण तिच्या शेजारी बसून नको. रोज ती मला अर्धं बिस्किट देते."

शिकणं पुरं झालं की शिकवणाऱ्यानं एका कागदावर सही करायची, 'ही मुलगी तयार आहे' म्हणून. बाकीच्या मुलींच्या सह्या झाल्या. ज्योतीची होईना. शुक्रवार आला, ब्रेंडाबाईंनी कागद परत ड्रॉवरमध्ये टाकला. सोमवारपर्यंत सही झाली नाही तर ज्योतीला नापास धरून परत पाठवणार होते आणि पुण्यातलीही नोकरी जाणार होती. तिच्या जागी दुसरी मुलगी आली असती, आणि तिला शिकवायला ब्रेंडाबाईंची नोकरी पुढं चालू राहिली असती. हे गणित बाळूलासुद्धा जमलं असतं.

त्या संध्याकाळी ब्रेंडाबाई नेहमीसारख्या सुरू झाल्या. "पोरगी अजून कच्ची हाय."

"कशात कच्ची?" मी विचारलं. आवाज थोडा चढला होता.

"ऱ्हाऊ दे, तुम्हाला न्हाय कळायचं. चहा घ्या."

"मला सगळं कळतं," मी म्हणालो. "सही केली की तुमचा पगार बंद, म्हणून तुम्ही माझ्या पोरीला अडकवून ठेवलंय!"

बोललो आणि जीभ चावली. 'माझ्या पोरीला' हे शब्द टेबलावर पडले होते, उचलून परत तोंडात घालता येण्यासारखे नव्हते. ब्रेंडाबाईंनी कपात साखर घातली, ढवळली, चमचा बशीत ठेवला.

"पहिल्या आठवड्यापास्नं ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"सकाळी माझ्या चुलीवर तुम्ही त्या जाड चपात्या भाजता. दुपारी त्याच चपात्या त्या पोरीच्या डब्यात असत्यात. आणि डबा माझा असतोय, पावणं. निळ्या झाकणाचा. माझ्या कपाटातला."

डब्याचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. आपल्याकडं डबा म्हणजे डबा. तो कुणाचा हे बघत नाहीत, परत आला म्हणजे झालं.

"मग तुम्ही रोज मला त्या तक्रारी का सांगत होता?"

"तोंडावर सांगितलं की ती घाबरती. तुमच्याकडनं सांगितलं की ऐकती. बाप लई कामाचा निघाला." मग त्यांचा चेहरा बदलला. "पगाराचं म्हणाल तर व्हय, पायजेच मला पगार. घर माझं अजून बँकेचं हाय. पण त्यासाठी सही अडवत न्हाय मी. उद्या त्या पोरीला एखादा म्हातारा फोन करील, घर गार पडलंय म्हणून, आणि ती त्याला आधी खातं नंबर इचारत बसंल. तिनं बॉयलर चित्रात बघितलाय. थंडी बघितलेली न्हाय. रविवारी तिला जेवायला घेऊन या. कोट घालू नको म्हणावं."

थंडीचा रविवार

रविवारी ज्योती आली. मान खाली घालूनच आली. ब्रेंडाबाईंनी तिला "ये" एवढंच म्हटलं आणि जेवायला वाढलं. मटणाचा मोठा गोळा भाजलेला होता, पण त्याला मिठाशिवाय कुणी काही लावलेलं नव्हतं. बरोबर मैद्याच्या फुगलेल्या, आत पोकळ अशा वाट्या. मी गुपचूप खिशातून मसाल्याची पुडी काढली. ब्रेंडाबाईंनी बघितलं आणि हात पुढं केला. मग त्या लाल झाल्या, नळाखाली तोंड धरलं, डोळे पुसले, आणि परत हात पुढं केला. त्या बाईत दम होता.

जेवण झाल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातलं एक कपाट उघडलं. आत पांढऱ्या पत्र्याची पेटी. "हा बॉयलर. बघून घे." त्यांनी एका पातेल्यात नळीतलं पाणी काढायला सुरुवात केली. पेटीवरच्या, पाण्याचा दाब दाखवणाऱ्या घड्याळासारख्या चकतीचा काटा खाली खाली गेला आणि आतली ज्योत विझली. मग त्यांनी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"आता?" मी विचारलं.

"आता बसायचं."

नोव्हेंबरचा शेवट होता. तासाभरात घर असं गार पडलं की बोलताना तोंडातून वाफ यायला लागली. मी घरून नेलेलं घोंगडं गुंडाळलं. ज्योतीचं नाक निळं पडलं. मग ब्रेंडाबाईंनी तिला कंपनीचा मोबाइल घेऊन पुढच्या खोलीत बसवलं, मला स्वयंपाकघरात घरचा फोन दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही गिऱ्हाईक. म्हातारं, एकटं आणि चिडलेलं. लावा फोन."

मी लावला.

"गुड आफ्टरनून, मी जेनी बोलते. आपला खाते क्रमांक सांगता का?"

"चष्मा सापडत नाही म्हणा," ब्रेंडाबाई कानाशी कुजबुजल्या.

"चष्मा सापडत नाही."

"मग पत्ता सांगा, सर."

"हे कसलं चिडणं?" ब्रेंडाबाई म्हणाल्या. "पावणं, मनापास्नं!"

मी डोळे मिटले आणि दिवाळीच्या तोंडावर सिलिंडर न आणणारा आमचा गॅसवाला डोळ्यांसमोर आणला. एकदम रक्त चढलं आणि इंग्रजी संपलं. "अगं ए! हितं माणूस गारठून मराय लागलाय आन् तुला पत्ता पायजे व्हय? पत्ता घेऊन काय तेराव्याला येणार हायस?"

उत्तर फोनमधून आणि भिंतीतून एकदमच आलं. "अण्णा, ओरडू नका की! स्क्रीन पुढं सरकत न्हाय नंबराबिगर, मी काय करू?"

ब्रेंडाबाईंना मराठीचं अक्षर कळलं नाही, पण त्या खूश झाल्या. "आत्ता कुठं खरं गिऱ्हाईक लागलं. परत लावा."

परत लावला, परत बिघडलं. तिसऱ्यांदा लावेपर्यंत माझा अभिनय संपला होता. पायांची बोटं बधिर झाली होती. चिडायचंही त्राण राहिलं नव्हतं.

"गुड आफ्टरनून, मी जेनी—"

"पोरी, माझे पाय गार पडलेत," मी मोडक्या इंग्रजीत म्हणालो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग ती हळू म्हणाली, "घरात तुमच्याबरोबर कोण आहे?"

"कोणी नाही," मी म्हणालो. ब्रेंडाबाईंनी तसं सांगायला सांगितलं होतं. पण बोलताना मला ते खरंच वाटलं. शेजारी ब्रेंडाबाई उभ्या होत्या, भिंतीपलीकडं पोटची पोरगी होती.

"अंगावर काय घेतलंय?"

"घोंगडं."

"ते पायांवर घ्या. मी फोन ठेवत नाही. नंबर नंतर बघू. बॉयलरजवळ जाता येईल का तुम्हाला? सावकाश. त्या चकतीचा काटा कुठं आहे?"

मी कपाटाशी गेलो. ती विचारत गेली, मी सांगत गेलो. खाली पाणी आत सोडायची एक काळी मूठ होती, ती तिनं हळूहळू फिरवायला सांगितली. काटा वर चढला, हिरव्या पट्ट्यात आला, आणि पेटीत भप्पकन ज्योत लागली. मी इतक्या जोरात "लागला!" म्हणून ओरडलो की शेजारच्यांनी भिंतीवर थाप मारली.

ज्योती आत आली. ती रडत होती का थंडीनं तिचं नाक गळत होतं, हे मी विचारलं नाही. ब्रेंडाबाई खिडक्या लावत होत्या.

"एवढंच ऱ्हायलं होतं," त्या म्हणाल्या. "लई म्हातारी माणसं एकली असत्यात ह्या गावात. फोन मी उचलला काय, तू उचलला काय. पण आधी माणूस इचारायचा."

"मग सही?" मी विचारलं. माझ्या तोंडून ते निघूनच गेलं.

"उद्या ऑफिसात. आज रविवार हाय. आज मला पगार न्हाय."

मला माफी मागायची होती. पण आपल्याकडं मोठी माणसं माफी मागत नाहीत, चहा टाकतात. मी चहा टाकला. ब्रेंडाबाईंनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

ऑफिसचं दार

सोमवारी सही झाली. दुसऱ्या मुलीची वाट बघत ब्रेंडाबाईंना आणखी काही महिने पगार घेता आला असता, तो त्या सहीबरोबर गेला. आता सगळ्या मुली तयार झाल्या, म्हणून शुक्रवारी फोनचा सगळा हॉल बंद होणार होता. आपल्याकडं शिपाई निवृत्त झाला तरी शाल-श्रीफळ देतात, भाषणं होतात, एखादा रडतो. इथं काय करणार, असं मी विचारलं तर ब्रेंडाबाई म्हणाल्या, "केक."

मला ते बरं वाटेना. बसनं मोठ्या गावात जाऊन एका पंजाबी दुकानातून मी नारळ आणला. शाल मिळाली नाही म्हणून ज्योतीची नवी ओढणी मागितली. तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. "अण्णा, नोकरी गेलेल्या बाईच्या हातात नारळ देणार? आपल्यात त्याला काय म्हणतात ते तरी आठवा." मी खरंच विचार केला नव्हता. पण तोपर्यंत आम्ही फाटकाशी पोचलो होतो. पुण्याच्या मुलींना त्या दिवशी पुढच्या दारानं येऊ नका असं सांगितलं होतं. ज्योती तरीही आली. गळ्यात नव्या नोकरीचं कार्ड होतं, ते तिनं कोटाच्या आत घातलं.

बायका एकेक करून बाहेर आल्या. प्रत्येकीच्या हातात खोकं. ब्रेंडाबाईंच्या खोक्यात एक मग, एक कुंडी आणि घरातल्या सपाता. मी पुढं होऊन त्यांच्या खांद्यावर ओढणी घातली. दुसरा हात पाठीमागंच ठेवला.

"मागं काय लपवलंय, पावणं?"

दाखवावा लागला. त्यांनी तो घेतला, कानाशी हलवला, आतलं पाणी ऐकलं. बाकीच्या बायका गोळा झाल्या. "फोडायचा कसा?" एकीनं विचारलं.

एवढ्या बायका बघतायत म्हटल्यावर माझ्यातला पेठेतला माणूस जागा झाला. मी नारळ घेतला आणि त्या काचेच्या दाराच्या पायरीवर एका फटक्यात फोडला. पाणी दारावर उडालं. पहारेकरी धावत आला. त्याला वाटलं मी दगड मारला. बायकांनाही बहुतेक तसंच वाटलं, कारण त्यांनी जोरदार टाळ्या वाजवल्या आणि एकीनं शिट्टी मारली. पहारेकऱ्यालाही खोबऱ्याचा तुकडा दिला. त्यानं तो सालीसकट चावायचा प्रयत्न केला.

"तुमच्यात हे कधी करत्यात?" ब्रेंडाबाईंनी विचारलं.

मी ज्योतीकडं बघितलं. मग म्हणालो, "कोणी चांगलं माणूस निघालं, की करतो."

ब्रेंडाबाईंनी मान हलवली. "ऐकलंत का?" त्या मैत्रिणींना म्हणाल्या आणि एक तुकडा रुमालात बांधून कोटाच्या खिशात ठेवला. आता त्या एका दुकानात गल्ल्यावर बसतात. नाताळला कार्ड येतं.

स्मरणिकेच्या वाचकांना सांगायला नको. निरोपाला आपण नारळ हातात देतो. फोडतो तो नव्या कामाच्या उंबऱ्यावर. त्या दारात त्या दिवशी नवं काम एकाच माणसाचं सुरू होत होतं. ती माझ्या शेजारी उभी होती. तिच्या हातात मी ठेवलेला तुकडा तसाच होता, आणि बस येईपर्यंत तिनं तो खाल्ला नाही.